वाचकांचे प्रश्न : लॉगआउट नेमके कुठे होते?

लॉगिनचे पान सगळेच जपून बांधतात. पासवर्ड किती लांब असावा, चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते किती वेळ अडवावे, यावर चर्चा होतात. बाहेर पडण्याची वाट मात्र बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी, उरलेल्या वेळात उरकली जाते. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे लॉगआउटबद्दल आहेत, याचे मला म्हणूनच समाधान वाटते. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. नव्या वाचकांसाठी एवढेच : कुकी म्हणजे सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवायला दिलेला आणि ब्राउझरने पुढच्या विनंत्यांबरोबर परत पाठवायचा मजकुराचा छोटा तुकडा, आणि हेडर म्हणजे विनंतीबरोबर किंवा उत्तराबरोबर जाणारी सूचना.

प्रश्न : मी एका छोट्या वेब ॲप्लिकेशनवर काम करतो. लॉगिन ‘/अकाउंट/लॉगिन’ या पत्त्यावर होते आणि लॉगआउट ‘/लॉगआउट’ या पत्त्यावर. लॉगआउटच्या उत्तरात कुकी पुसण्याचा हेडर जातो, हे नेटवर्क टॅबमध्ये स्पष्ट दिसते. तरीही अकाउंटचे कोणतेही पान पुन्हा उघडले की वापरकर्ता आत असतो. ब्राउझर कुकी का पुसत नाही?

उत्तर : ब्राउझर सांगितलेले करतो आहे, पण लॉगिनच्या वेळी दिलेली कुकी आणि लॉगआउटच्या वेळी पुसायला सांगितलेली कुकी या दोन वेगळ्या कुकी आहेत. एचटीटीपीमध्ये कुकी पुसण्याची निराळी आज्ञाच नाही. जुन्या कुकीवर मुदत उलटलेली नवी कुकी लिहायची, म्हणजे ‘एक्सपायर्स’मध्ये मागची तारीख घालायची किंवा ‘मॅक्स-एज’ शून्य करायचा, आणि मुदत संपली म्हणून ब्राउझरने ती काढून टाकायची, एवढीच सोय आहे. मात्र नवी कुकी जुनीच्या जागी बसण्यासाठी नाव, डोमेन आणि पाथ या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात, हे २०११ च्या आरएफसी ६२६५ या इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजामध्ये नेमकेपणाने लिहिलेले आहे. कुकीची किंमत, म्हणजे तिच्यातला मजकूर, जुळण्याची गरज नाही. ती रिकामी पाठवली तरी चालते. या तिघांपैकी एक जरी गोष्ट चुकली, तरी ब्राउझर नव्या कुकीला स्वतंत्र समजतो, तिची मुदत आधीच संपलेली पाहून ती टाकून देतो, आणि जुनी कुकी जिथल्या तिथे राहते. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही, म्हणून हा दोष शोधताना माणसे तासन्‌तास घालवतात.

आपण दिलेल्या पत्त्यांमध्येच कारण दिसते. कुकी देताना पाथ लिहिला नाही, तर ब्राउझर तो विनंतीच्या पत्त्यावरून स्वतः ठरवतो आणि त्यासाठी शेवटच्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग घेतो. त्यामुळे लॉगिनच्या कुकीला ‘/अकाउंट’ हा पाथ मिळाला, आणि पुसण्यासाठी पाठवलेल्या कुकीला नुसता ‘/’. डेव्हलपर टूल्समध्ये कुकींची यादी उघडून पाथचा रकाना पाहिला, तर लॉगआउटनंतरही तिथे ‘/अकाउंट’ची ओळ तशीच दिसेल. डोमेनच्या बाबतीतही हेच घडते. डोमेन लिहिले नसेल तर कुकी त्या एकाच होस्टपुरती, म्हणजे नेमक्या त्याच सर्व्हर-नावापुरती असते आणि लिहिले की ती उपडोमेनांनाही जाते. लॉगिनमध्ये लिहिलेले डोमेन लॉगआउटमध्ये राहून गेले, तर पुसणे पुन्हा वाया जाते.

हा दोष घाईत दुरुस्त करताना आणखी एक गुंता होतो. कोणीतरी लॉगिनमध्ये पाथ ‘/’ लिहितो, पण आधीच्या वापरकर्त्यांच्या ब्राउझरमध्ये ‘/अकाउंट’ची जुनी कुकी असतेच. मग एकाच नावाच्या दोन कुकी सर्व्हरकडे जातात, लांब पाथची आधी आणि आखूड पाथची नंतर. काही फ्रेमवर्क त्यांतील पहिली घेतात, काही शेवटची. नवे लॉगिन होऊनही जुनी ओळख वाचली जाते आणि ‘काहींनाच त्रास होतो, सगळ्यांना नाही’ अशा तक्रारी सुरू होतात. म्हणून काही महिने तरी लॉगआउटमध्ये दोन्ही पाथच्या कुकी पुसाव्यात, किंवा कुकीचे नावच बदलून टाकावे. मी नाव बदलण्याच्या बाजूचा आहे, कारण जुन्या नावाकडे पुन्हा पाहावेच लागत नाही.

यापुढे कुकी देण्याचे आणि पुसण्याचे काम एकाच फंक्शनमधून करावे, म्हणजे नाव, डोमेन आणि पाथ एकाच ठिकाणी लिहिले जातील. ज्यांना एकच होस्ट पुरतो, त्यांनी नावाच्या सुरुवातीला ‘होस्ट’ हा राखीव उपसर्ग, त्याच्या आधी दोन अधोरेषा आणि नंतर एक जोडरेघ देऊन, अवश्य वापरावा. अशी कुकी ‘सिक्युअर’, म्हणजे फक्त एचटीटीपीएसवरून जाणारी, असेल, तिचा पाथ ‘/’ असेल आणि तिला डोमेन दिलेले नसेल, तरच ब्राउझर ती स्वीकारतो. त्यामुळे वरचा घोळ होण्याची वाटच बंद होते. हाच नियम पुसण्याच्या हेडरलाही लागू आहे, हे विसरू नये. त्यातून ‘सिक्युअर’ गळला, तर ब्राउझर तो हेडर नाकारतो आणि कुकी शिल्लक राहते.

प्रश्न : आमच्याकडे लॉगआउटनंतर कुकी व्यवस्थित पुसली जाते. परंतु चाचणी करणाऱ्या सहकाऱ्याने लॉगआउटच्या आधी कुकीची किंमत उतरवून ठेवली, नंतर ती दुसऱ्या ब्राउझरमध्ये चिकटवली आणि तो थेट आत गेला. हा दोष मानावा का? कुकी तर आम्ही पुसली होती.

उत्तर : हा दोष आहे, आणि आजच्या सर्व प्रश्नांमध्ये मला तो सर्वांत गंभीर वाटतो. कुकी हा केवळ बिल्ला आहे. सामान ठेवून घेणारा माणूस बिल्ल्यावरचा क्रमांक पाहून वहीतली नोंद शोधतो आणि सामान देतो. आपण वापरकर्त्याच्या हातातला बिल्ला काढून घेतला, पण वहीतली नोंद खोडली नाही. मग त्याच क्रमांकाचा दुसरा बिल्ला घेऊन येणाऱ्याला सामान मिळणारच. लॉगआउट म्हणजे सर्व्हरवरची ती नोंद खोडणे. ब्राउझरमधील कुकी पुसणे ही त्यानंतरची आवराआवर आहे, आणि ती राहून गेली तरी सुरक्षिततेला धक्का लागता कामा नये.

किंमत उतरवून घेणे ही कल्पनेतली गोष्ट नाही. २०१० मध्ये फायरशीप नावाचे फायरफॉक्सचे एक एक्स्टेन्शन प्रसिद्ध झाले. उघड्या वायफायवर, एचटीटीपीएसशिवाय जाणाऱ्या लॉगिनच्या कुकी ते टिपत असे, आणि नावावर दोनदा क्लिक केले की त्या माणसाच्या खात्यात शिरता येत असे. त्यानंतरच्या वर्षांत मोठी संकेतस्थळे पूर्णपणे एचटीटीपीएसवर गेली आणि तो मार्ग बराचसा बंद झाला. परंतु संगणकात शिरलेला घातक प्रोग्रॅम, ब्राउझरचे लबाड एक्स्टेन्शन, किंवा चुकून सर्व हेडर लिहून ठेवणारी सर्व्हरची लॉग-फाइल हे मार्ग आजही उघडे आहेत. वापरकर्त्याला शंका येते तेव्हा तो विश्वासाने लॉगआउट दाबतो, आणि त्या क्षणी चोराच्या हातातला क्रमांकही निकामी व्हावा अशी त्याची रास्त अपेक्षा असते.

सेशनची, म्हणजे वापरकर्त्याच्या चालू लॉगिनची, नोंद डेटाबेसमध्ये किंवा रेडिससारख्या साठ्यात असेल, तर उपाय सोपा आहे : आधी ती नोंद काढावी, मग कुकी पुसण्याचा हेडर पाठवावा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण नोंद काढताना अडचण आली तर वापरकर्त्याला तसे सांगता आले पाहिजे. कुकी आधी पुसली आणि नोंद राहिली, तर त्याला बाहेर पडल्याचा खोटा दिलासा मिळतो. पीएचपी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की सेशन नष्ट करण्याचे तिथले फंक्शन सर्व्हरवरची माहिती काढते, पण ब्राउझरमधील कुकीला हात लावत नाही. ती वेगळी पुसावी लागते.

आपल्याकडे नोंदच नसावी, असा मला संशय आहे. फ्लास्क या फ्रेमवर्कचे मूळचे सेशन आणि रेल्स या फ्रेमवर्कचा डिफॉल्ट कुकी-साठा यांत सगळी माहिती कुकीतच असते, फक्त पहिल्यात ती सही केलेली आणि दुसऱ्यात कूटबद्ध केलेली असते. जेडब्ल्यूटी, म्हणजे २०१५ च्या आरएफसी ७५१९ मध्ये ठरवलेले, सही केलेली माहिती सोबत बाळगणारे टोकन, लॉगिनसाठी वापरले तरी स्थिती तीच असते. सर्व्हर सही आणि मुदत तपासतो, वही उघडतच नाही. मग खोडायचे काय? तीन मार्ग आहेत. टोकनची मुदत काही मिनिटांचीच ठेवून नवे टोकन मिळवण्याचे रिफ्रेश टोकन सर्व्हरवर नोंदवावे आणि लॉगआउटला ते रद्द करावे. त्यात मधली काही मिनिटे धोका उरतो. दुसरा मार्ग म्हणजे रद्द केलेल्या टोकनांचे क्रमांक मुदत संपेपर्यंत जपून प्रत्येक विनंतीला तपासणे. किंवा वापरकर्त्याच्या नोंदीत एक आवृत्ती-क्रमांक ठेवावा, टोकनमध्येही तो घालावा आणि लॉगआउटला तो वाढवावा. याने मात्र सगळ्या उपकरणांवरून एकदम लॉगआउट होते. शेवटच्या दोन मार्गांमध्ये वही परत आलीच. म्हणून ज्यांचे ॲप्लिकेशन एका डेटाबेसवर चालते, त्यांनी साधे सेशन वापरावे असे माझे स्पष्ट मत आहे. अंदाज बांधता येणार नाही असा १२८ बिटांचा यादृच्छिक क्रमांक, त्याची एक नोंद आणि ती खोडण्याची सोय, एवढ्यात काम भागते. आणखी एक पथ्य त्याला जोडावे : लॉगिन यशस्वी होताच जुना क्रमांक टाकून नवा द्यावा, नाहीतर आधीच पेरून ठेवलेल्या क्रमांकावर कोणी टपून बसलेले असू शकते.

प्रश्न : लॉगआउटसाठी साधी लिंक ठेवली तर काय बिघडते? आमच्या वरिष्ठांचा आग्रह आहे की ते बटण असावे आणि पोस्ट विनंती जावी.

उत्तर : वरिष्ठांचे म्हणणे योग्य आहे. गेट विनंतीने, म्हणजे लिंक उघडल्यावर जाते त्या विनंतीने, सर्व्हरवर काही बदलू नये, हे एचटीटीपीचे गृहीतक आहे, आणि लिंक आगाऊ उघडून ठेवणारी साधने त्यावर विसंबून असतात. २००५ मध्ये गुगलच्या वेब ॲक्सिलरेटरने पानांवरच्या लिंका आधीच उघडून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा ज्या ॲप्लिकेशनमध्ये ‘काढून टाका’ ही साधी लिंक होती तिथे लोकांच्या नोंदी नाहीशा झाल्या. लॉगआउटच्या लिंकचीही तीच गत होते. शिवाय परक्या पानावर चित्राच्या पत्त्याच्या जागी आपला लॉगआउटचा पत्ता लिहिला, तर ते पान पाहणारा माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो. पोस्ट, म्हणजे बदल करण्यासाठी पाठवायची, विनंती आणि तिच्यासोबत सीएसआरएफ टोकन, म्हणजे विनंती आपल्याच पानावरून आली हे पटवणारी गुप्त खूण, ठेवावे. बटणाला लिंकसारखे रूप देणे सीएसएसच्या दोन ओळींचे काम आहे.

प्रश्न : लॉगआउट केल्यानंतर ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण दाबले की आधीचे पान सगळ्या माहितीसह दिसते. वापरकर्ते घाबरून पत्रे पाठवतात. सेशन तर खरोखर संपलेले आहे.

उत्तर : सेशन संपले आहे हे चांगलेच, पण वापरकर्त्यांची भीती अनाठायी नाही. अनेक जण वापरतात अशा संगणकावर ‘मागे’ दाबून पुढच्या माणसाने आधीच्या माणसाचा वैद्यकीय अहवाल वाचला, तर सेशन संपले होते हे उत्तर त्याला पुरणार नाही.

जे दिसते ते सर्व्हरवरून आलेले नसते. ब्राउझरने जपून ठेवलेली ती प्रत असते. लॉगिनमागच्या पानांना ‘कॅश-कंट्रोल’ हेडरमध्ये ‘नो-स्टोअर’ द्यावे. येथे बरेच जण ‘नो-कॅश’ लिहितात, आणि नावामुळे फसतात. ‘नो-कॅश’चा अर्थ प्रत ठेवा, पण पुन्हा वापरण्याआधी सर्व्हरला विचारा, असा आहे, आणि मागे जाताना ब्राउझर ते विचारीलच असे नाही. ‘नो-स्टोअर’ प्रत ठेवूच नका असे सांगते. त्याशिवाय काही वेळा ब्राउझर संपूर्ण पान, चालू स्थितीतले, मेमरीत गोठवून ठेवतो आणि मागे आल्यावर तेच पुढे करतो. त्यासाठी ‘पेजशो’ ही घटना ऐकावी, पान मेमरीतून आले असेल तर सेशन तपासावे आणि ते संपले असल्यास पान नव्याने मागवावे.

लॉगआउटच्या उत्तरात ‘क्लिअर-साइट-डेटा’ हा हेडरही पाठवता येतो. कॅश, कुकी आणि स्थानिक साठा यांपैकी जे सांगू ते ब्राउझर रिकामे करतो. तो एचटीटीपीएसवरच चालतो, आणि कुकींच्या बाबतीत त्याचा परिणाम मुख्य डोमेनसह सर्व उपडोमेनांवर होतो. एखाद्या उपडोमेनवर दुसरे ॲप्लिकेशन चालत असेल, तर त्याचेही वापरकर्ते बाहेर पडतील, याचा विचार आधी करावा.

प्रश्न : लॉगिनचे टोकन कुकीत ठेवावे की लोकल स्टोरेजमध्ये?

उत्तर : कुकीत, आणि ‘एचटीटीपीओन्ली’, ‘सिक्युअर’ व ‘सेमसाइट’ लावून. लोकल स्टोरेजमधील, म्हणजे ब्राउझरने पानाच्या स्क्रिप्टसाठी दिलेल्या साठ्यातील, मजकूर पानावर चालणारी कोणतीही स्क्रिप्ट वाचू शकते, बाहेरून आणलेली लायब्ररीसुद्धा. ‘एचटीटीपीओन्ली’ ही खूण इंटरनेट एक्सप्लोररमध्ये २००२ मध्ये आली, आणि ती लावलेली कुकी जावास्क्रिप्टला दिसत नाही. अर्थात पानात शिरलेली घातक स्क्रिप्ट वापरकर्त्याच्या नावाने विनंत्या तरीही पाठवू शकते. टोकन बाहेर पळवणे तेवढे टळते. हे लक्षात घेता अशी कुकी जावास्क्रिप्टने पुसण्याचा प्रयत्नही करू नये, तो सफल होत नाही. लॉगआउट सर्व्हरकडेच जावे लागते, आणि ते योग्यच आहे. ‘सेमसाइट’ परक्या संकेतस्थळावरून निघालेल्या विनंतीबरोबर कुकी जाण्यावर बंधन घालते. ते लिहिले नाही तर क्रोम २०२० पासून ‘लॅक्स’, म्हणजे त्यातले सैल बंधन, धरतो, परंतु सर्व ब्राउझर एकसारखे वागतील या भरवशावर न राहता ते लिहावे.

प्रश्न : आम्ही कुकीला मुदत देत नाही, म्हणजे ब्राउझर बंद केला की लॉगआउट झालेच पाहिजे. तसे होत नाही. दुसरीकडे काही वापरकर्ते ‘मला लक्षात ठेवा’ ही सोय मागतात. दोन्हीचा मेळ कसा घालावा?

उत्तर : मुदत नसलेली कुकी ब्राउझर बंद होईपर्यंत जगते, हे पुस्तकात खरे आहे. परंतु आधीचे टॅब पुन्हा उघडण्याची सोय चालू असेल, तर ब्राउझर त्या टॅबांबरोबर या कुकीही परत आणतो, आणि फोनवर तर ब्राउझर बंद झाला कधी, हेच सांगता येत नाही. म्हणून मुदत सर्व्हरवर मोजावी. शेवटच्या हालचालीनंतरची एक मुदत आणि लॉगिनपासूनची एक कमाल मुदत, अशा दोन्ही नोंदीत लिहाव्यात. कुकीने काहीही सांगितले तरी निर्णय नोंदीचा असावा.

‘मला लक्षात ठेवा’साठी सेशनची मुदत नुसती लांबवू नये. वेगळी, दीर्घ मुदतीची कुकी द्यावी आणि तिच्यात दोन भाग ठेवावेत : नोंद शोधण्यासाठी एक, आणि तपासण्यासाठी एक गुप्त यादृच्छिक भाग. डेटाबेसमध्ये गुप्त भागाचा फक्त हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ मजकूर परत काढता येत नाही असा ठसा, ठेवावा, म्हणजे डेटाबेस बाहेर फुटला तरी त्यातून कुकी तयार करता येणार नाही. ही कुकी वापरून नवे सेशन दिले की गुप्त भाग बदलावा. एखाद्या दिवशी जुना गुप्त भाग घेऊन कोणी आला, तर त्या कुकीच्या दोन प्रती फिरत आहेत असे समजून वापरकर्त्याची लक्षात ठेवलेली सर्व उपकरणे रद्द करावीत. मात्र एकाच वेळी उघडलेले दोन टॅब चोर ठरू नयेत, म्हणून काही सेकंदांची सवलत ठेवावी. मुदतीबद्दल एवढेच की २०२२ पासून क्रोम कोणतीही कुकी ४०० दिवसांहून जास्त ठेवत नाही. आणि लॉगआउट दाबल्यावर ही कुकी व तिची नोंदही गेली पाहिजे. ती राहिली, तर पुढच्याच पानावर वापरकर्ता आपोआप आत येतो.

असाच एक प्रसंग मी स्वतः अनुभवला आहे. आमच्या एका ॲप्लिकेशनमध्ये उघड्या टॅबमधून दर तीस सेकंदांनी नव्या संदेशांची विचारणा होत असे, आणि प्रत्येक उत्तराबरोबर कुकीची मुदत वाढवून पाठवली जात असे. एखादे वेळी विचारणा निघालेली असतानाच दुसऱ्या टॅबमध्ये लॉगआउट होई. कुकी पुसली जाई, आणि क्षणभराने मागे राहिलेले उत्तर येऊन ती पुन्हा लिहून जाई. दोन दिवस आम्ही ‘कुकी परत येते’ एवढेच म्हणत होतो. सेशनची नोंद खोडायला सुरुवात केली तेव्हा कुकी परत आली तरी निरुपयोगी ठरू लागली, आणि मुदत वाढवण्यापूर्वी नोंद आहे का हे पाहिल्यावर तीही येईनाशी झाली.

प्रश्न : आमच्याकडे दुसऱ्या सेवेच्या खात्याने लॉगिन करता येते. लॉगआउट करून पुन्हा लॉगिनचे बटण दाबले की पासवर्ड न विचारता आत प्रवेश मिळतो. हे लॉगआउट म्हणायचे का?

उत्तर : आपल्या ॲप्लिकेशनपुरते ते लॉगआउट आहे. ओळख पटवणाऱ्या सेवेचे सेशन वेगळे असते, तिच्या डोमेनच्या कुकीत असते, आणि ते चालू असल्याने ती लगेच होकार देते. अशा लॉगिनसाठीच्या ओपनआयडी कनेक्ट या प्रमाणपद्धतीमध्ये तिकडचेही सेशन संपवण्याची विनंती करता येते, पण सर्व सेवा ती सोय देत नाहीत. आणि माणसाला आपल्याकडून बाहेर पडताना त्याच्या मुख्य खात्यातूनही काढावे का, हा प्रश्न आहेच. माझ्या मते त्याला स्पष्ट सांगावे : आपण येथून बाहेर पडला आहात, मूळ खाते अजून चालू आहे, आणि संगणक आपला नसेल तर तेही बंद करा.

प्रश्न : पासवर्ड बदलल्यावर इतर उपकरणांवरची सेशन आपोआप संपावीत का?

उत्तर : होय. पासवर्ड बदलणाऱ्यांत खाते दुसऱ्याच्या हाती गेल्याचा संशय आलेले लोक असतात, आणि पासवर्ड बदलूनही चोर आतच राहिला तर त्या बदलाला अर्थ उरत नाही. सेशनच्या नोंदीत वापरकर्त्याचा क्रमांक असेल तर हे एका क्वेरीचे काम आहे. ‘मला लक्षात ठेवा’च्या आणि रिफ्रेश टोकनच्या नोंदीही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये काढाव्यात. ज्या उपकरणावरून पासवर्ड बदलला, ते सेशन चालू ठेवायला हरकत नाही, पण त्याला नवा क्रमांक द्यावा. याच नोंदींवरून ‘चालू लॉगिन’ची यादी दाखवता येते : कोणता ब्राउझर, शेवटची हालचाल कधी, आणि प्रत्येक ओळीपुढे लॉगआउटचे बटण. सेशनचा क्रमांक मात्र त्या पानाच्या एचटीएमएलमध्ये लिहू नये. ओळ ओळखण्यासाठी वेगळा क्रमांक वापरावा, नाहीतर ज्या किल्ल्या काढून घ्यायच्या त्यांच्याच प्रती त्या पानावर टांगल्या जातील.